‘स्पेस कॅडेट’: अंतराळात जाण्याआधीचं शिक्षण सांगणारी कादंबरी, आणि ती मुलांबरोबर कशी वाचावी

अमेरिकन लेखक रॉबर्ट हाइनलाइन यांच्या ‘स्पेस कॅडेट’ची सुरुवात एका सरकारी पत्राने होते. आंतरग्रहीय गस्ती दलाच्या प्रवेशपरीक्षेसाठी मॅट डॉडसन या मुलाने १ जुलै २०७५ पर्यंत अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या टेरा बेसवर हजर राहावं, असा त्यात आदेश आहे. बहुतेक उमेदवार या परीक्षेत नापास होतात, अशी ताकीदही त्याच पत्रात आहे. मुलांच्या अंतराळकथांमधला नायक सहसा पहिल्या पानापासूनच नायक असतो. त्याच्या हातात यान असतं, समोर शत्रू असतो. मॅट मात्र निव्वळ अर्जदार आहे, आणि पुढचं अर्धं पुस्तक तो शिकतच असतो. याच कारणासाठी हे पुस्तक आजही मुलांच्या हाती द्यावं असं आम्हाला वाटतं.

पुस्तक १९४८ साली न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्स या प्रकाशनसंस्थेने काढलं. हाइनलाइन यांनी या प्रकाशकासाठी कुमारवाचकांच्या बारा विज्ञानकादंबऱ्या लिहिल्या, त्यातली ही दुसरी. ते स्वतः ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून १९२९ साली बाहेर पडलेले अधिकारी होते, आणि ते पानोपानी जाणवतं. रांगेत उभं राहणं, वरिष्ठांशी बोलण्याची पद्धत, मेसमधलं जेवण, रजेवर घरी गेल्यावर वाटणारं परकेपण हे सगळं आत राहून आलेल्या माणसाने लिहिलं आहे. एकूण अठरा प्रकरणं आहेत. पहिल्या दहांत निवड आणि प्रशिक्षण, अकराव्यापासून खरी मोहीम. धाडस उशिरा सुरू होतं, म्हणून काही मुलं मध्येच पुस्तक खाली ठेवतात. पण आमच्या मते पुस्तकाचं खरं सोनं या पहिल्या दहा प्रकरणांतच आहे.

निवडचाचण्यांचंच बघा. एका खोलीत मॅटला एकट्याला बसवतात. समोर अरुंद तोंडाची बाटली आणि मूठभर वाल-घेवड्यासारखे दाणे. डोळे मिटून दाणे बाटलीत टाकायचे आणि किती पडले ते स्वतःच सांगायचं. खोलीत पाहणारं कुणी नाही. मॅटचा आकडा इतका कमी येतो की तो सांगताना त्याला लाज वाटते. चाचणी नेमकी कशाची होती, याची लेखक फोड करत नाही. ती वाचणाऱ्या मुलाच्या लक्षात येऊ द्यायची. मोठ्यांनी घाईने समजावून सांगितलं तर प्रकरणातला जीवच जातो.

म्हणून दुसरं प्रकरण वाचण्याआधी ही चाचणी घरी घ्यावी. साहित्य घरातलंच आहे: वाळलेल्या राजम्याचे २५ दाणे, एक लिटरची प्लॅस्टिकची पाण्याची बाटली, एक खुर्ची आणि जाड टॉवेल. अशा बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास साधारण २२ मिलिमीटर असतो, त्यामुळे राजमा जातो, पण सहज जात नाही. रिकामी बाटली पहिल्या धक्क्याला आडवी होते, म्हणून तळाशी वाटीभर वाळू किंवा तांदूळ घालावेत. फरशीवर पडलेला दाणा उसळून सोफ्याखाली जातो आणि मोजणी चुकते, त्यासाठी खाली टॉवेल. बाटली दोन्ही पावलांच्या मध्ये ठेवायची, एकदा नीट बघून घ्यायची, मग डोळे मिटून साधारण ६० सेंटिमीटर उंचीवरून एकेक दाणा सोडायचा. चाचणी सुरू झाली की मोठ्यांनी खोलीबाहेर जायचं, दार ओढून घ्यायचं. ही पायरी गाळू नये.

बहुतेकांचे दोन-चार दाणेच पडतात, आणि त्याचं कारण मुलांना सांगण्यासारखं आहे. ६० सेंटिमीटर खाली यायला दाण्याला सुमारे ०.३५ सेकंद लागतात. दाणा सोडताना हात सेकंदाला दहा सेंटिमीटर इतक्या वेगाने जरी आडवा सरकत असेल, तरी तो वेग दाण्याकडेही राहतो आणि तेवढ्या वेळात दाणा साडेतीन सेंटिमीटर बाजूला जातो. बाटलीचं तोंड सव्वादोन सेंटिमीटरचंसुद्धा नाही. डोळे मिटल्यावर हात हलतोय हेच कळत नाही, म्हणून नेम चुकतो. ‘सोडलेल्या वस्तूकडे सोडणाऱ्याचा वेग राहतो’ हे वाक्य मुलाच्या वहीत लिहून ठेवावं. दहाव्या प्रकरणाच्या आसपास त्याचा पुन्हा उपयोग होतो.

महाराष्ट्रातल्या ज्या घरांतून कुणी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, म्हणजे एनडीएसाठी, प्रयत्न केला आहे त्यांना या चाचण्या ओळखीच्या वाटतील. आपल्याकडच्या सेवा निवड मंडळाच्या पाच दिवसांतही साठ शब्द दाखवतात आणि प्रत्येक शब्दावर पंधरा सेकंदांत मनात येईल ते वाक्य लिहायला सांगतात. उत्तर बरोबर की चूक हे बघत नाहीत, माणूस कसा आहे ते बघतात. हाइनलाइन यांच्या परीक्षकांची नजरही तिकडेच आहे. मुलाला हे आधी सांगितलं तर चाचण्यांची प्रकरणं त्याला लांबलेली वाटत नाहीत.

त्वरणाची चाचणी येते तेव्हा मध्ये थांबून एक गणित करावं. ४० किलोच्या मुलाला ४ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाच्या चौपट, त्वरणात स्वतःचं शरीर १६० किलोचं असल्यासारखं वाटेल. उभ्याने किंवा ताठ बसून हे झालं तर रक्त डोक्याकडून पायांकडे ओढलं जातं, आधी नजर करडी होते आणि मग शुद्ध हरपते. म्हणून अंतराळवीर जवळजवळ पाठीवर आडवे होऊन प्रवास करतात, म्हणजे जोर छातीतून पाठीकडे जातो. सोयूझसारख्या यानातून उडताना साधारण ४ जीपर्यंत त्वरण सोसावं लागतं, आणि परतताना यान ठरलेल्या मार्गाऐवजी तीव्र उतरणीने आलं तर ८ जीच्या आसपास. या बाबतीत पुस्तक जुनं झालेलं नाही.

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ‘रँडॉल्फ’ या जुन्या यानावर शाळा भरते, तो भाग उत्तम आहे. वजनरहित अवस्थेत कसं हलायचं, पोशाख कसा तपासायचा, उलट्या होणाऱ्याचं काय करायचं हे सगळं धड्यांच्या क्रमाने येतं. १९४८ साली अंतराळात एकही माणूस गेलेला नव्हता, तरी अंतराळातल्या मळमळीबद्दलचा अंदाज खरा ठरला. पहिल्या दोन-तीन दिवसांत निम्म्याहून अधिक अंतराळवीरांना ती होते, कारण कानातल्या तोलाच्या इंद्रियाचा आणि डोळ्यांचा मेळ बसत नाही. इथे एक गोष्ट साफ चुकलेली आहे. छात्रांना संमोहनाखाली भाषा आणि विषय शिकवले जातात. झोपेत किंवा संमोहनात परकी भाषा डोक्यात उतरते याला आधार नाही. मुलं नेमका हाच भाग उचलून धरतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आठवण काढतात, तेव्हा तो वाचतानाच सांगून टाकावं.

मेसच्या टेबलावरचा एक प्रसंग लहान आहे, पण पुढच्या कथेचा पाया तिथे आहे. फळं भरून भाजलेला ‘पाय’ (pie) नावाचा गोड पदार्थ काट्याने खायचा, हाताने नाही, असं मॅटला बजावलं जातं. त्याला हे फाजील वाटतं. गस्ती दलाचा अधिकारी कुठल्याही ग्रहावर, कुणाच्याही पंगतीला बसू शकला पाहिजे, तिथले रिवाज पाळून, हा त्यामागचा विचार आहे. पंधराव्या प्रकरणाचं नावच या काट्यावरून आहे. तिथे शुक्रावरच्या रहिवाशांशी व्यवहार करताना हे शिक्षण बंदुकीपेक्षा जास्त कामी येतं. आपल्या मुलांना हे समजायला वेळ लागत नाही. डाव्या हाताने वाढलेलं कुणाला चालत नाही, कुणाच्या स्वयंपाकघरात चपला चालत नाहीत, हे ती रोज बघतात.

आता पुस्तकाच्या सगळ्यात जड भागाकडे. या गस्ती दलाकडे पृथ्वीभोवती फिरत ठेवलेले अणुबॉम्ब आहेत, आणि जगात युद्ध होऊ न देणं हे त्याचं काम आहे. रजेवर घरी गेलेल्या मॅटच्या लक्षात येतं की हे बॉम्ब आपल्या देशावर कधीच पडणार नाहीत, असं त्याच्या वडिलांनी गृहीत धरलंय. मग त्याला स्वतःलाच प्रश्न पडतो: आपल्या गावावर बॉम्ब टाकायची आज्ञा आली तर? परत आल्यावर तो लेफ्टनंट वाँग या आपल्या मार्गदर्शकाकडे जातो. दहाव्या प्रकरणाचं लॅटिन नाव म्हणजे ‘राखणदारांची राखण कोण करणार’. हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलाला कळतो, आणि तो कळावा म्हणून या प्रकरणाला एक संध्याकाळ पूर्ण द्यावी. पुस्तक सोपं उत्तर देत नाही, आपणही देऊ नये. आमची तक्रार एवढीच आहे की सगळ्या जगाच्या नाड्या एका शिस्तबद्ध दलाच्या हाती देणं किती धोक्याचं आहे, याकडे लेखक फार लवकर पाठ फिरवतो. त्याचा भरवसा माणसांच्या निवडीवर आहे. निवड चुकली तर काय, हे मुलाला विचारावं.

बॉम्ब वर फिरत असतील तर ते खाली पडत का नाहीत, हा प्रश्न वाचताना हमखास येतो. तेव्हा राजम्याच्या दाण्याची वही काढावी. ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर असतो, आणि पृथ्वीभोवतीची एक फेरी साधारण ९२ मिनिटांत होते. यानातून एखादी वस्तू नुसती सोडली तर तिच्याकडेही तोच वेग असतो, म्हणून ती यानाच्या सोबतच फिरत राहते. खाली आणायची तर रॉकेट पेटवून तिचा वेग कमी करावा लागतो. सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेग कमी केला तरी तिचा मार्ग वातावरणात शिरतो, बाकीचं काम हवा करते. याला जोडूनच हेही सांगावं की अण्वस्त्रं पृथ्वीभोवतीच्या कक्षेत ठेवायला १९६७ च्या बाह्य अंतराळ कराराने बंदी आहे, आणि भारत त्या करारात सहभागी आहे. कादंबरीनंतर एकोणीस वर्षांनी जगाने वेगळा रस्ता धरला.

मोहिमेचा पहिला टप्पा म्हणजे ‘पाथफाइंडर’ या हरवलेल्या यानाचा लघुग्रहांच्या पट्ट्यात शोध. हवाबंद कक्षाचं बाहेरचं दार उघडं असताना नेमका अशनी आत घुसतो आणि सगळे दगावतात. वर्णन संयमी आहे, तरी नऊ-दहा वर्षांच्या मुलांना रात्री झोपण्याआधी हे प्रकरण वाचून दाखवू नये. इथेच लघुग्रहांचा पट्टा हा फुटलेला ग्रह असल्याची कल्पना येते. ती आता टिकत नाही: पट्ट्यातलं सगळं वस्तुमान गोळा केलं तरी आपल्या चंद्राच्या पाच टक्केही भरत नाही. गुरूच्या ओढीमुळे तिथे ग्रह जमलाच नाही.

शुक्र हा पुस्तकातला सगळ्यात मोठा चुकलेला अंदाज. कथेत तिथे दलदल आहे, पाऊस आहे, चिखलात रुतणारं छोटं यान आहे. १९४८ मध्ये दुर्बिणीतून फक्त ढगांचा वरचा थर दिसत होता. ढग म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे दलदल, असं तेव्हा अनेकांनी धरलं होतं. डिसेंबर १९६२ मध्ये मरिनर २ यान शुक्राजवळून गेलं तेव्हा पृष्ठभाग भाजून काढणारा असल्याचं पक्कं झालं. डिसेंबर १९७० मध्ये सोव्हिएत व्हेनेरा ७ तिथे उतरलं आणि पृष्ठभागावरून २३ मिनिटं माहिती पाठवून बंद पडलं. तापमान ४६० अंश सेल्सिअसच्या वर, हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे ९० पट, हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइड आणि ढग सल्फ्युरिक आम्लाचे. घरातल्या ओव्हनचं सगळ्यात वरचं तापमान साधारण २५० अंश असतं, ही तुलना मुलांच्या लक्षात राहते. भारताच्या शुक्र मोहिमेला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे, त्यामुळे विषय ताजाही आहे.

विज्ञान चुकलं म्हणून हा भाग गाळू मात्र नये. प्रमुख अधिकारी जखमी होऊन बेशुद्ध पडतो आणि मॅटचा सोबती छात्र ऑस्कर येन्सन सूत्रं हाती घेतो. तो मूळचा शुक्रावरच्या वसाहतीतला मुलगा. तिथली भाषा आणि चालीरीती त्याला ठाऊक आहेत. तिथल्या समाजात स्त्रियांची सत्ता आहे आणि त्यांचं रसायनशास्त्र माणसांपेक्षा पुढचं आहे. कॅडेटांचाच जुना सोबती बर्क प्रशिक्षण अर्धवट सोडून खनिजाच्या हावेने तिथे आलाय, दांडगाई करून सगळं बिघडवून बसलाय. तिढा सुटतो तो ऑस्करच्या अदबीमुळे. परतीसाठी ‘ॲस्टार्टे’ हे जुनं पडीक यान दुरुस्त करायचं ठरतं, तेव्हा इंधन तयार होतं ते या रहिवाशांच्या मदतीने. दुसऱ्याच्या जमिनीवर गेलेल्या माणसाने कसं वागावं, हे १९४८ सालच्या कुमारकादंबरीत इतक्या स्पष्टपणे मांडलेलं आहे, याचं आम्हाला मोल वाटतं.

उणीव मोठी आहे ती मुलींच्या बाबतीत. या दलात मुली नाहीतच. मॅटच्या आईचं चित्रणही घाबरट बाई एवढंच उरतं. मुलगी वाचत असेल तर ही गोष्ट झाकून ठेवू नये. एनडीएमध्येही मुलींना प्रवेश २०२२ साली मिळाला, आणि सतरा मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये दीक्षान्त संचलनातून बाहेर पडली. १९८४ मध्ये अंतराळात गेलेले राकेश शर्मा आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेलेले शुभांशु शुक्ला, दोघंही याच प्रबोधिनीचे छात्र. तिथलं दार मुलींसाठी आता उघडं आहे, हे पुस्तकाच्या शेजारी ठेवून सांगता येतं.

वय म्हणाल तर स्वतः वाचायला बारा आणि पुढे, कुणी वाचून दाखवत असेल तर दहा चालेल. इंग्रजी माध्यमातल्या सातवी-आठवीच्या मुलाला भाषा जमते, फक्त लष्करी शब्द अडतात. ई-बुक असेल तर शब्दावर बोट ठेवून अर्थ बघता येतो, त्यामुळे पहिल्या वाचनाला ते बरं. मोठ्याने वाचायचं तर एका प्रकरणाला अर्धा तास धरावा, आणि थांबून मराठीतून सांगायचं असेल तर पाऊण तास. अंतरं फूट-मैलांत, वजनं पौंडांत आहेत. एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर, एक फूट म्हणजे ३० सेंटिमीटर, एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, असं पुठ्ठ्यावर लिहून तो खूण म्हणून पुस्तकात ठेवावा. खिशातल्या फोनचा उल्लेख अगदी सुरुवातीला येतो. आजची मुलं त्यावरून सरळ पुढे जातील, म्हणून सांगावं लागतं की हातात धरायच्या मोबाइलवरून पहिला कॉल १९७३ साली झाला, म्हणजे पुस्तकानंतर पंचवीस वर्षांनी. पुस्तक अजून स्वामित्वहक्कात आहे, त्यामुळे समूहांवर फिरणाऱ्या फुकट पीडीएफ घेऊ नयेत.

फुकट आणि कायदेशीर हवं असेल तर ‘टॉम कॉर्बेट, स्पेस कॅडेट’ मालिका आहे. हाइनलाइन यांच्या पुस्तकाचा धागा धरून १९५० ते १९५५ या काळात अमेरिकेत टीव्हीवर ही मालिका चालली, आणि १९५२ ते १९५६ दरम्यान ‘कॅरी रॉकवेल’ या टोपणनावाने तिची आठ पुस्तकं निघाली. त्यातली बरीच प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर मिळतात. टॉम, रॉजर आणि ॲस्ट्रो हे तीन छात्र, दर पुस्तकात एक खलनायक, वेग भरपूर. रॉकेटतज्ज्ञ विली ले तांत्रिक सल्लागार होते. तरी निर्णय घ्यायची वेळ आली की ही मुलं ठोसे मारतात. मॅट आणि ऑस्कर अशा वेळी आधी विचार करतात. नऊ वर्षांच्या मुलाला इंग्रजी वाचनाची गोडी लावायला मालिका ठीक आहे, दोन पुस्तकांपुरती. मग ‘स्पेस कॅडेट’कडे यावं.

आणि चौथ्या प्रकरणाला आलात की वाचण्याचा वेग कमी करावा. छात्रांची पहिली हजेरी घेतली जाते, त्यात चार नावं अशी आहेत जी दलासाठी मेलेल्या माणसांची आहेत: डालक्विस्ट, मार्टिन, रिव्हेरा, व्हीलर. प्रत्येक नाव पुकारलं जातं आणि रांगेतला कुणीतरी जिवंत छात्र त्याच्या वतीने हजेरी देतो. वाचून दाखवताना प्रत्येक नावानंतर दोन श्वास थांबावं. चौथ्या नावाला उत्तर मुलालाच देऊ द्यावं.